वेतनकराराच्या मतपत्रिकेवर कोणती खूण करावी?

पत्राचा सारांश: एका टपाल कंपनीत १७ वर्षे बटवड्याचे काम करणाऱ्या वाचकाचे हे पत्र आहे. त्यांचा पगार शेवटचा वाढला, तेव्हापासून आजवर किमती सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या आहेत. गेल्या वर्षी संघटनेने पुकारलेल्या संपात ते सहभागी झाले होते आणि बुडालेल्या पगारापोटी घेतलेले कर्ज अजून फिटायचे आहे. आता संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात तीन वर्षांचा करार ठरला आहे. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ३.५ आणि तिसऱ्या वर्षी २.५ टक्के वाढ मिळेल, शिवाय वर्षाच्या पगाराच्या सुमारे २ टक्के इतकी रक्कम एकदाच हातात पडेल. त्या बदल्यात कामाची वेळ सहाऐवजी साडेसातला सुरू होईल, रविवारच्या पाळ्या लागतील आणि यापुढे भरती होणाऱ्यांसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी असेल. संघटनेची कार्यकारिणी होकाराची शिफारस करते आहे, तर त्यांच्या बीटवरचे, म्हणजे बटवड्याच्या ठरलेल्या भागातले, सहकारी होकाराला गद्दारी म्हणत आहेत. पत्नीचे म्हणणे आहे की मिळते ते पदरात पाडून घ्यावे. ‘होकार दिला तर संप वाया गेला असे होईल आणि नकार दिला तर पुन्हा संप करण्याची ऐपत नाही, मी काय करावे?’ असे ते विचारतात.

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग आधी बाजूला काढू या, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचा हिशेब सरळ होणार नाही. गेल्या वर्षी बुडालेला पगार तुम्ही होकार दिलात तरी परत येणार नाही आणि नकार दिलात तरी येणार नाही. त्या संपाने जे घडायचे ते घडले आहे. व्यवस्थापन आज जो देकार घेऊन आले आहे, तो संपापूर्वीच्या देकारापेक्षा बरा असेल तर संपाचे फळ त्या फरकात आहे. तेव्हा संपापूर्वीचा देकार काय होता, ते जुन्या पत्रकात काढून पाहा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एवढे केले की मागचा जमाखर्च तिथेच मिटतो आणि पुढच्या तीन वर्षांचा प्रश्न उरतो.

पत्रात आणखी एक गृहीतक आहे, ते अधिक खोलवरचे आहे. तुम्ही होकार म्हणजे शांतता आणि नकार म्हणजे संप असे धरून चालला आहात. प्रत्यक्षात नकारानंतर काय होते, हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर, संघटनेच्या ताकदीवर आणि कंपनीच्या अवस्थेवर ठरते, आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या अलीकडच्या मतदानांकडे पाहिले तर तीन अगदी वेगळी चित्रे दिसतात.

ब्रिटनमध्ये रॉयल मेलच्या कर्मचाऱ्यांनी २०२२ मध्ये १८ दिवस संप केला. त्या वर्षी ऑक्टोबरात तिथली महागाई ११.१ टक्क्यांवर पोहोचली होती. एप्रिल २०२३ मध्ये जो समझोता झाला तो तीन वर्षांत मिळून १० टक्क्यांचा होता, त्यातले २ टक्के कंपनीने आधीच देऊन टाकलेले होते, आणि ५०० पौंडांची एकरकमी भर होती. महागाईच्या मानाने हा करार तोकडा होता हे सर्वांना दिसत होते, तरीही जुलैमध्ये ६७ टक्के सभासदांनी मतदान केले आणि त्यांतल्या सुमारे ७६ टक्क्यांनी होकार दिला. अमेरिकेत उलट घडले. शहरी पोस्टमनांच्या संघटनेचा जुना करार मे २०२३ मध्ये संपला होता, नवा समझोता ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सभासदांनी सुमारे ७० टक्के मतांनी तो फेटाळला. पण तिथे टपाल कर्मचाऱ्यांना संपाची कायदेशीर मुभा नाही, त्यामुळे प्रकरण लवादाकडे गेले. फेटाळलेल्या करारात दर वर्षी १.३ टक्क्यांची सर्वसाधारण वाढ होती. मार्चमध्ये आलेल्या लवादाच्या निवाड्यात ती १.३, १.४ आणि १.५ अशी झाली. कॅनडात २०२४ च्या अखेरीस महिनाभर संप झाला. त्यानंतर व्यवस्थापनाचा चार वर्षांत सुमारे १३ टक्क्यांचा ‘अंतिम’ देकार सरकारने थेट सभासदांच्या मतदानाला लावला, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये जवळजवळ ६९ टक्क्यांनी तो झिडकारला आणि सप्टेंबर संपण्याआधीच देशभर पुन्हा संप सुरू झाला.

या तिन्ही ठिकाणी माणसे तुमच्याइतकीच वैतागलेली होती. फरक पडला तो नकारानंतरच्या वाटेमुळे. म्हणून तुमच्या शाखेच्या सचिवांना विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे की बहुमताने नकार आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी संघटना नेमके काय करणार आहे. पुन्हा वाटाघाटींना बसणार, लवादाकडे जाणार, की संप पुकारणार? संपाचा आधीचा कौल अजून वैध आहे की नव्याने मतदान घ्यावे लागेल? ब्रिटनमध्ये त्या वेळच्या कायद्यानुसार कौल सहा महिनेच टिकत असे, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये संघटनेला दुसऱ्यांदा कौल घ्यावा लागला होता. संपफंडात किती पैसा आहे आणि तो कोणाला, किती दिवस पुरेल? या प्रश्नांची उत्तरे गुळमुळीत आली तर ज्या नकाराबद्दल तुमचे सहकारी इतक्या ठामपणे बोलत आहेत, त्याची पुढची पायरी कुणी ठरवलेलीच नाही असे समजा.

आता आकड्यांकडे येऊ. पत्रकात वाढींची बेरीज १० टक्के दाखवली असेल. एकावर एक चढत गेल्याने ती खरे तर थोडी जास्त, १०.३ टक्के भरते. शेवटची वाढ मिळाली तेव्हाचा तुमचा पगार १०० आणि तेव्हाच्या किमतीही १०० धरा. आज किमती ११४ झाल्या आहेत आणि पगार १०० वरच आहे, म्हणजे त्या पगारात पूर्वीच्या ८८ इतक्याच वस्तू येतात. करार झाला की पगार १०४ होईल आणि त्यात ९१ इतक्या वस्तू येतील. पुढची दोन वर्षे महागाई ३ आणि २.५ टक्के राहिली, तर किमती १२०.४ वर जातील, पगार ११०.३ वर जाईल आणि तुमची खरेदीची ताकद साधारण ९२ वर स्थिरावेल. थोडक्यात, या कराराने मागची झीज भरून निघत नाही, पण पुढची झीज थांबते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मला वाटते तुमच्या घरातला आणि बीटवरचा वाद यातूनच उद्भवला आहे: सहकारी करारानंतरही भरून न निघणाऱ्या आठ टक्क्यांकडे बोट दाखवतात, तर पत्नी आज मिळणाऱ्या चारांकडे पाहतात.

या हिशेबातला कच्चा दुवा म्हणजे पुढच्या महागाईचा अंदाज. ती ३ आणि २.५ ऐवजी ६ आणि ५ टक्के निघाली, तर त्याच करारात तुम्ही तिसऱ्या वर्षी ८७ वर, म्हणजे आजच्याही खाली जाल, आणि तोवर तुमची सही झालेली असेल. म्हणून मला टक्क्यांपेक्षा एका कलमाची अधिक काळजी वाटते. महागाई ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर वेतनावर पुन्हा बोलणी होतील, किंवा महागाईशी बांधलेला भत्ता आपोआप वाढेल, असे कलम करारात आहे का? अमेरिकेतल्या पोस्टमनांच्या करारात असा भत्ता कित्येक वर्षे आहे, आणि तिथली सर्वसाधारण वाढ कागदावर इतकी किरकोळ दिसते याचे ते एक कारण आहे. दुसऱ्या देशाचे टक्के आपल्या टक्क्यांशी ताडताना हे विसरू नये. महागाई उतरली असे बातम्यांत ऐकले की किमती खाली येतील अशी आशा अनेकांना वाटते, तीही सोडून द्यावी. दर उतरला याचा अर्थ किमती आता सावकाश वाढत आहेत, एवढाच. शिवाय सरकारी निर्देशांक सरासरी कुटुंबाचा असतो. ज्यांच्या मिळकतीचा मोठा भाग भाडे, इंधन आणि अन्नावर जातो त्यांची महागाई बहुधा त्याहून जास्त असते, तेव्हा स्वतःच्या वर्षभराच्या बिलांची बेरीज करून १४ टक्क्यांचा आकडा तुमच्या घराला लागू पडतो का, हे तपासा.

एकरकमी रक्कम हे गाजर आहे असे तुमचे सहकारी म्हणतात, ते बऱ्याच अंशी खरे आहे. हेच २ टक्के मूळ पगारात मिळाले असते तर दहा वर्षांत ते वर्षाच्या पगाराच्या २० टक्क्यांइतके झाले असते, आणि ओव्हरटाइम व निवृत्तिवेतन मूळ पगारावर मोजले जात असेल तर त्याहूनही जास्त. एकदा मिळालेली रक्कम पुढची वाढ मोजताना मूळ पगारात धरली जात नाही. कंपन्यांना ती देणे आवडते ते म्हणूनच. मात्र तुमच्यावर कर्ज आहे आणि त्यावर व्याज चढते आहे, त्यामुळे तुमच्यासाठी तिची किंमत कर्ज नसलेल्या सहकाऱ्यापेक्षा जास्त आहे, आणि हे मान्य करण्यात लाज वाटायचे कारण नाही. फक्त कर कापून हातात किती येईल आणि ती कोणत्या तारखेला मिळेल, हे लेखी विचारून घ्या.

संपाचा खर्चही असाच मोजता येतो, आणि तो मोजला की त्याची धास्ती थोडी आटोक्यात येते. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर वर्षाचे सुमारे २६० दिवस भरतात, म्हणजे संपाचा एक दिवस वर्षाच्या पगाराच्या ०.४ टक्क्याला पडतो. १८ दिवसांचा संप झाला तर सुमारे ७ टक्के जातात. त्यातून मूळ पगारात २ टक्के जादा मिळवले तर ते साडेतीन वर्षांत वसूल होतात, एकच टक्का मिळवला तर सात वर्षे लागतात. तुमच्या नोकरीची किती वर्षे उरली आहेत, हे तुम्हालाच ठाऊक आहे. हा हिशेब पगारापुरता आहे. कामाच्या वेळा, रजा आणि नोकरीची शाश्वती यांसाठीही लोक संप करतात आणि त्या गोष्टी टक्क्यांत मोजता येत नाहीत. १९७० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टमनांनी कायद्याची बंदी झुगारून संप केला, तो देशभर पसरला, टपाल हाताळायला सैनिक पाठवावे लागले, आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने त्यांना वेतनावर सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. नुसत्या टक्क्यांच्या पारड्यात हे तोलता आले नसते.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आले आहे, पण माझे लक्ष तिथेच अडले. काम साडेसातला सुरू झाले तर दुपारी मुलीला शाळेतून आणायला कोणीच नसेल, असे तुम्ही लिहिले आहे. मग हा वेतनकराराचाच भाग झाला. आठवड्याचे पाच दिवस रोज दीड तास मुलीला सांभाळायला कोणाला पैसे द्यावे लागले, तर वर्षाला ते किती होतात? पहिल्या वर्षीच्या ४ टक्क्यांपैकी एखादा टक्का तिथेच संपत असेल, तर तुमच्या घरासाठी हा करार ३ टक्क्यांचा आहे. उशिरा सुरुवात म्हणजे उशिरा शेवट; ज्यांचे बीट लांबचे आहे त्यांना शेवटच्या गल्ल्या हिवाळ्यात अंधारात, पाट्यांवर टॉर्च मारत कराव्या लागतील आणि त्याचा परिणाम चुकीच्या घरी पडलेल्या टपालावर, म्हणजे तक्रारींवर होईल. पार्सले वाढल्यामुळे कंपन्यांना दिवसा उशिरापर्यंत बटवडा हवा आहे, हे त्यांच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण ज्यांच्या घरी लहान मुले किंवा आजारी माणसे आहेत त्यांना जुनी वेळ काही काळ ठेवता येईल का, याची तरतूद बहुतेक वेळा मुख्य करारात नसते, ती स्थानिक पातळीवर ठरते. तुमच्या कार्यालयात ती कोण ठरवणार आणि तुमचे म्हणणे ऐकले नाही तर दाद कुठे मागायची, हे मतदानाआधी कळायला हवे.

रविवारच्या पाळ्यांबद्दल फार लिहीत नाही. त्या आळीपाळीने लागणार की काहींच्याच माथी बसणार, एवढे विचारा.

नव्या भरतीसाठी कमी पगाराची श्रेणी हे कलम मात्र मला सर्वांत वाईट वाटते, आणि पत्रात तुम्ही त्याला जेमतेम अर्धी ओळ दिली आहे. ते तुमच्या खिशाला आज लागत नाही, म्हणूनच व्यवस्थापनाला तिथे सहज होकार मिळतो. आठ-दहा वर्षांनी शेजारच्या फ्रेमवर, म्हणजे टपाल लावण्याच्या खणांपुढे, काम करणारा माणूस तेच बीट, त्याच पिशव्या, त्याच पायऱ्या कमी पगारात करत असेल. तोपर्यंत जुन्या श्रेणीतले तुम्ही अल्पसंख्य झालेले असाल. ओव्हरटाइम स्वस्त माणसाला देण्याकडे साहेबांचा कल राहील आणि तुमची श्रेणी वाचवण्यासाठी संपावर जा असे त्या नव्या माणसाला सांगायला तुमच्याकडे तोंड उरणार नाही. या कलमाला मुदत आहे का, म्हणजे काही वर्षांच्या नोकरीनंतर नव्या माणसाला जुन्या श्रेणीत घेतले जाईल का, हे पाहा. तसे असेल तर कलम सहन करण्याजोगे आहे. नसेल तर एवढ्या एका कारणासाठी नकार देणाऱ्याला मी आततायी म्हणणार नाही.

व्यवस्थापन पत्रांची संख्या घटल्याचे रडगाणे गाते, असे तुम्ही लिहिता. ते रडगाणे असले तरी खोटे नाही. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रांचा बटवडाच बंद केला. पण पत्रे कमी झाली म्हणून पगार देता येत नाही असे सरळ अनुमान निघत नाही, कारण पार्सलांचे उत्पन्न, मालमत्ता आणि भागधारकांना वाटलेला लाभांश हे सारे त्याच ताळेबंदात असते. संघटनेने स्वतःच्या हिशेबतज्ज्ञाकडून ताळेबंद तपासून घेतला आहे का, हे विचारण्याचा सभासद म्हणून तुम्हाला हक्क आहे.

नेत्यांवर विश्वास ठेवावा का, असा प्रश्न कार्यकारिणीच्या शिफारशीमुळे पडतोच; त्याचे उत्तर मी हो किंवा नाही असे देणार नाही. संपात पुन्हा किती लोक बाहेर पडतील, फंड किती दिवस टिकेल, कंपनी कुठे ताणेल आणि कुठे तोडेल, हे वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते. दुसरीकडे, महिनोन्‌महिने बोलणी करून जो करार त्यांनी आणला तो फेटाळला जाणे त्यांना स्वतःचा पराभव वाटणारच, त्यामुळे त्यांच्या पत्रकात चांगली कलमे ठळक अक्षरांत येतात. पत्रक वाचून मत देऊ नका. पूर्ण करार मागून घ्या आणि त्यात ‘शक्य तेथे’, ‘परिस्थितीनुसार’, ‘संयुक्त आढाव्यानंतर’ अशी शब्दयोजना जिथे असेल तिथे पेन्सिलीने खूण करा. ज्या वचनाला तारीख नाही ते वचन पगाराच्या हिशेबात धरू नये.

माझा कल विचाराल तर तो असा आहे. वाढ मागील तारखेपासून लागू होणार असेल, महागाई उसळल्यास फेरबोलणीचे कलम असेल आणि नव्या श्रेणीला मुदत असेल, तर तुमच्यासारख्या कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने होकार देणे हे शहाणपणाचे आहे आणि त्यात गद्दारी नाही. यांतली पहिलीच अट पुरी होत असेल आणि बाकीच्या दोन नसतील, तर मी नकाराकडे झुकेन, मात्र नकारानंतरचा बेत संघटनेकडे तयार असेल तरच. तो नसेल आणि कलमेही नसतील, तर तुमच्यापुढे दोन वाईट पर्याय आहेत. अशा वेळी ज्याचा खर्च तुमचे घर निभावू शकते तो निवडावा, आणि कार्यकारिणीला लेखी कळवावे की होकार कोणत्या नाराजीने दिला आहे. मतदान न करता घरी बसणे मात्र मला पटत नाही. मतांचा फरक आणि मतदानाचे प्रमाण व्यवस्थापनही बारकाईने पाहते. भरघोस मतदानातून काठावर आलेला होकार करार राबवताना त्यांना जपून वागायला लावतो. अर्ध्या लोकांनी पाठ फिरवलेल्या मतदानातला मोठा होकार तसे करत नाही.

सहकाऱ्यांशी बोलताना तुमचे मत जाहीर करण्याचे बंधन तुमच्यावर नाही, मतदान गुप्त असते ते याचसाठी. वाद घालायचाच असेल तर गटात संदेश टाकण्यापेक्षा शाखेच्या सभेत वर दिलेले प्रश्न उभे राहून विचारा, आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवायला लावा. पत्नीसमोर मात्र सगळे आकडे मांडा: नवा पगार, मुलीला सांभाळण्याचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि संप झालाच तर किती दिवस निभावेल तो आकडा. कर्ज देणाऱ्या संस्थेशी हप्ता पुढे ढकलण्याविषयी मतदानाच्या निकालाआधीच बोलून ठेवा. संप सुरू झाल्यावर ती बोलणी अवघड होतात.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांपैकी जे येत्या वर्षभरात निवृत्त होणार आहेत, त्यांनी आणखी एक बाब तपासावी. करार मंजूर होण्याआधी निवृत्त झालेल्यांना फरकाची रक्कम मिळते की नाही, हे प्रत्येक करारात वेगळे असते, आणि निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरत असेल तर एका महिन्याच्या फरकाने आयुष्यभराची रक्कम बदलू शकते. जे कंत्राटी किंवा एजन्सीमार्फत काम करतात त्यांना बहुधा या मतदानात भाग घेता येत नाही. पण करारात कंत्राटी कामगारांना कायम करण्याविषयी एखादे कलम असेल तर त्याची प्रत शाखेकडून मागून घ्यावी आणि स्वतःच्या हजेरीच्या नोंदी, कामावर लागल्याच्या पहिल्या दिवसापासूनच्या, आतापासूनच जमवून ठेवाव्यात.